बावटा धरणारी

मानखुर्दच्या मिठागरांमागे ट्रकांचा एक बंद तळ होता,
तिथल्या काँक्रीटवर चुन्याने अंडाकार आखून
जमशेदजींनी रविवारच्या शर्यती सुरू केल्या.
मी तिसऱ्या वळणावर. हातात पिवळा बावटा.
ट्रॉम्ब्याची पोर मी, बावट्याची नवलाई नव्हती.
बा सांगायचा, बंदरावर तीन नंबरचा लागला
की समुद्राशी वाद घालायचा नाय,
होडी असेल तिथून फिरवायची.

इथे तसं नव्हतं.
तेव्हाचा नियम: बावटा दिसला
तरी रेषेपर्यंत शर्यत चालू.
म्हणजे कुणी उलटलं, की बाकीचे
आधी जोर लावणार, मग सावकाश होणार.
दोन वर्षं मला यात काही चूक दिसली नाही.
मी फडकवायचे, ते सुसाटायचे,
लोक शिट्ट्या मारायचे.

इस्माईल दळवीची पद्मिनी माझ्यासमोर कलंडली.
तो खिडकीतून अर्धा बाहेर आलेला,
एक हात दारावर, पोटमाळ्यावर चढावं तसा.
मी बावटा इतका हलवला की काठी मोडली.
दोघे आले. दोघांनाही मी दिसले होते,
नंतर दोघांनी कबूल केलं.
पण रेषा दीडशे हातांवर होती
आणि दुसरा नंबर पहिल्याहून
चारशे रुपयांनी हलका.

सायनला सात आठवडे. डावा गुडघा वाकेना तो वाकेनाच.

मग ठरलं, बावटा वर गेला की जो जिथे, तो तिथे,
पोरं स्टॅच्यू खेळतात तसं.
पण जिथे म्हणजे नेमकं कुठे?
लोबोबाईंची वही एक सांगे, ड्रायव्हर दुसरंच,
एकदा भांडण दीड तास चाललं,
शर्यत होती अकरा मिनिटांची.
पुढे कलमं वाढत गेली.
सगळ्यांपुढे एक संथ गाडी, ती नेईल तसं जायचं.
रांग लागेपर्यंत टायर बदलायला थांबायचं नाही.
आणि एका फेरीने मागे पडलेल्यांत जो पहिला,
त्याला त्याची फेरी परत.
"फुकट?" पुढच्याने विचारलं.
"फुकटच," जमशेदजी म्हणाले, आणि पान थुंकले.

संथ गाडी म्हणजे एक काळी-पिवळी,
क्लच हाताने दाबायचा केलेला.
चालवायला इस्माईल.
बावटा वर असेपर्यंत
त्याला कुणी मागे टाकू शकत नसे.
मागे सगळे डावी-उजवी करत, टायर गरम ठेवत,
शिव्या देत, पण मागेच.

आता हे सांगते.
मे महिना. इस्माईलचा भाचा नावेद अर्धी फेरी पुढे,
लोक उठून उसाच्या रसाकडे निघालेले.
वॉकी-टॉकीवर जमशेदजी: तिसऱ्या वळणावर काही पडलंय का बघ.
काही नव्हतं.
नीट बघ.
एक झाकण होतं बाटलीचं.
मी बावटा वर केला.

बावीस फेऱ्यांत जमवलेलं अंतर,
भिशीत टाकावं तसं थोडं थोडं,
दोन मिनिटांत संपलं.
लोक परत येऊन बसले. नावेद चौथा आला.
इस्माईलने त्या दिवशी काच खाली केली होती.
माझ्यासमोरून जाताना त्याने जमिनीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
पुढच्या फेरीला नुसतं जमिनीकडे.

तळावर आता कंटेनर रचलेत.
परवा गोवंडीला त्याच्याच टॅक्सीत बसले, न बघता.
सिग्नल येईपर्यंत तो गप्प. मग म्हणाला,
"झाकण होतं, की तेही नव्हतं?"
"होतं."
"बरं," म्हणाला, आणि दुसरा गिअर टाकला,
तोच, सवयीचा.
दोन्ही बाजूंनी रिक्षा पुढे निघून जात होत्या.
माझा हात मांडीवर होता,
मी तो तिथेच दाबून धरला.